कपाटातलं झाड

वैजयंतीबाईंच्या साड्यांच्या कपाटात डोकं घालून शिरीष खटावकर सकाळी पावणेआठला पिवळी पानं मोजत होते.

"अकरा," ते डोकं बाहेर काढून म्हणाले.

ऐकायला घरात कोणी नव्हतं. पण मिरजेच्या पाणीपुरवठा केंद्रात सदतीस वर्षं रसायनतज्ज्ञ म्हणून काढल्यावर माणूस आकडा मनातल्या मनात वाचू शकत नाही. तो मोठ्यानं सांगायचा असतो आणि पलीकडच्या कोणीतरी तो लिहून घ्यायचा असतो. लिहून घेणारी त्यांची बायको अकरा महिन्यांपूर्वी वारली होती. म्हणून आकडा तसाच हवेत राहिला. काल तो नऊ होता.

झाड भांगेचं होतं. पूर्वी अशा झाडासाठी घरी पोलीस यायचे, आता औषधी लागवड कक्षाच्या बाई येतात. दुखणी असाध्य असलेल्या माणसाला घरी एक झाड वाढवायचा परवाना मिळतो. फुलोरा सुकवून इस्पितळाच्या औषधशाळेत जमा करायचा, तिथून त्याचे जिभेखाली घ्यायचे थेंब मिळतात. वैजयंतीबाईंचा कर्करोग हाडांत उतरला तेव्हा त्यांनीच आपलं कपाट रिकामं केलं होतं. "साड्या नेसून कुठं जायचंय आता मला? झाडाला द्या ती जागा," त्या म्हणाल्या होत्या. साड्या बहिणींकडे गेल्या, बांगड्यांच्या खणात पंखा बसला, वरच्या फळीला दिवे लागले. दाराच्या आतल्या आरशाच्या कडेला चिकटवलेल्या सात टिकल्या तेवढ्या राहिल्या. त्या काढायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि आता तर शिरीषरावांच्या हातून ते होणंच शक्य नव्हतं.

वैजयंतीबाई गेल्यावर परवाना गफूरभाई सतारमेकरांच्या नावावर झाला. गफूरभाई खालच्या मजल्यावरचे. चाळीस वर्षं सतारीचे भोपळे कोरून आणि तारा ओढून त्यांच्या बोटांतल्या नसा अशा बिघडल्या होत्या, की हात कायम थरथरत आणि आतून विस्तवावर धरल्यासारखे जळत. त्यांच्या खोलीत दिवसभर ऊन यायचं आणि झाडाला काळोख लागायचा, म्हणून ते वरच राहिलं आणि देखभालीची जबाबदारी शिरीषरावांवर आली. वैजयंतीबाईंच्या झाडाचं कलम घेऊन नवं झाड लावलं. ते आता फुलोऱ्याच्या पाचव्या आठवड्यात होतं. बारा तारखेला कक्षाच्या मृणाल चौगुले पाहणीला येणार होत्या. नियम साधा होता. एक तृतीयांश पानं पिवळी असतील तर झाड रोगट ठरतं, उपटून नेलं जातं आणि रुग्णाची पाळी पुढच्या वर्षावर जाते.

पुढच्या वर्षापर्यंत त्या हातांचं काय करायचं, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

"काय सांगतीया तुझी कुडी?" दुपारी गफूरभाईंनी वर येऊन विचारलं.

कुडी म्हणजे झाडाच्या पानाला लावलेलं ते यंत्र. कंपनीनं त्याला दिलेलं नाव तीन ओळींचं होतं. पण ते दिसायचं कानातल्यासारखं, म्हणून सगळा जिल्हा त्याला कुडी म्हणायचा. त्याचा आवाज मात्र बातम्यांनंतर धरणांची पाणीपातळी सांगणाऱ्या निवेदिकेचा होता.

"खालची पानं आधी पिवळी पडली, म्हणून नत्र कमी असेल म्हणाली. नत्र दिलं. मग शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं दिसायला लागलं, म्हणून मॅग्नेशियम दिलं. मग म्हणाली, पाणी जास्त होतंय. तीन दिवस पाणी दिलं नाही."

"आणि?"

"तरीसुद्धा म्हणते पाणी जास्त होतंय."

"अरे मर्दा, पाण्याच्या खात्यात जल्म गेला तुझा!"

हेच तर शिरीषरावांना लागलं होतं. त्यांनी कुंडीत घातलेल्या पाण्याचा आम्लांक दोनदा तपासला होता. सहा पूर्णांक दोन, नमुन्यादाखल बाटलीत भरून ठेवावा असा. अख्ख्या मिरजेला त्यांनी सदतीस वर्षं पाणी पाजलं आणि कोणी पिवळं पडलं नाही. पडलं असेल तर निदान त्यांच्याकडे तक्रार आली नाही.

गफूरभाईंनी दोन्ही तळवे काखेत दाबून धरले. थंडी नव्हती. दुखायला लागलं की ते असं करत आणि मग उगाच मोठ्यानं हसून काहीतरी विचारत. "आणि अंधार? अंधार नीट हाय न्हवं?"

अंधाराचं शास्त्र त्यांना पाठ झालं होतं. या झाडाला फुलण्यासाठी रोज सलग बारा तास पूर्ण काळोख लागतो. रात्र मोठी झाली, आता वर्ष सरत आलं, असं झाडाला त्यावरून समजतं आणि ते अंगातलं सगळं फुलोऱ्यात घालायला लागतं. मध्ये दोन मिनिटं जरी उजेड पडला तरी त्याचा हिशेब चुकतो. थांबायचं की वाढायचं, हे त्याला कळेनासं होतं. मिरजेत दिवसा कपाट तापतं, म्हणून शिरीषरावांनी या खेपेला दिवे रात्रीचे ठेवले होते आणि झाडाची रात्र सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. या वेळात कपाट उघडायचं नाही.

"मी कशाला उघडेन?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पिवळी पानं चौदा झाली तेव्हा त्यांनी चौगुलेबाईंना फोन लावला.

"काका, स्पर्शनोंद बघितली का?"

"ती काय असते?"

"कुडीच्या अहवालाचं शेवटचं पान. कोणी वाचत नाही ते. एकदा वाचा आणि मला सांगा."

स्पर्शनोंदीमागचा शोध जुना नव्हता. झाडाला मज्जातंतू नसतात, पण पानाला चिमटा घेतला की खोडातून विजेची एक बारीक लाट धावते, हे पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं कळलं ते असं, की झाड माणसाला सरावतं. तोच दाब, तीच लय रोज येऊ लागली की काही आठवड्यांनी झाड लाट सोडणं बंद करतं. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसासारखं ते मान वर करून बघतसुद्धा नाही. परक्याचा हात लागला की मात्र लाट उसळते. कोणत्या हाताला झाड किती गप्प राहतं, यावरून हात कोणाचा ते कुडी ओळखते. सरकारला ही सोय फार आवडली, कारण चोरी पकडायला झाडच साक्षीदार झालं. पुढची गोष्ट सरकारनं फारशी मनावर घेतली नाही. कलम हे झाडाचं मूल नसतं, तेच झाड पुन्हा उभं राहिलेलं असतं. त्यामुळे ही ओळख कलमातही उतरते.

शिरीषरावांनी चष्मा लावून शेवटचं पान उघडलं आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचू लागले.

"चार चौतीस. दार उघडलं. प्रकाश. परिचित स्पर्श..."

पुढचं त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. सदतीस वर्षांत पहिल्यांदाच.

परिचित स्पर्श: वैजयंती शिरीष खटावकर. चार छत्तीस. दार बंद.

त्याच्या आदल्या दिवशी चार बत्तीस. त्याच्या आदल्या दिवशी चार पस्तीस. एकतीस दिवस, एकही खाडा नाही.

हे झाड लावलं तेव्हा वैजयंतीबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. या झाडाचं एकही पान त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

शिरीषराव खुर्चीवर बसले. समोर कपाट बंद होतं. आत पंखा घुं करत होता. त्यांना घाम फुटला, आणि मग लक्षात आलं की आपण घाबरलेलो नाही. आपल्याला राग आलाय. रोज साडेचारला येते आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला हाक मारत नाही?

चौगुलेबाईंचा फोन आला. "काका, काही सापडलं?"

"नाही," शिरीषराव म्हणाले.

का म्हणाले ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. सापडलं म्हटलं असतं तर चौगुलेबाईंनी कपाटाला कुलूप लावायला सांगितलं असतं.

त्यानंतरचे चार दिवस शिरीषराव असे वागले, की कोणी पाहिलं असतं तर पाहुणे यायचेत असं वाटलं असतं. रोज दाढी केली. पडदे धुतले. वैजयंतीबाईंचा कंगवा खणातून काढून कपाटाच्या जवळच्या तिवईवर ठेवला. दुपार झाली की ते बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसत, कान कपाटाकडे लावून. आणि रोज कुठल्याशा क्षणी लक्ष उडे. परत भानावर येत तेव्हा पावणेपाच झालेले असत, आणि नोंदीत नाव उमटलेलं असे. कपाटात आता डांबरगोळ्यांच्या जुन्या वासात आणि फुलोऱ्याच्या उग्र वासात तिसरा एक आंबूस वास मिसळला होता. बारीक चिलटं फिरत होती. शेवटच्या महिन्यात खोलीत असाच काहीसा वास असे, हे त्यांना आठवलं, आणि त्यांनी खिडकी उघडली नाही.

पिवळी पानं तेवीस झाली.

दहा तारखेला गफूरभाई वर आले तेच जिन्याच्या भिंतीला टेकत टेकत. "शिरीष, सदऱ्याची बटणं लाव जरा. सकाळपास्नं तसाच बसलोय."

शिरीषरावांनी बटणं लावली. पाच बटणं. प्रत्येक बटणाला गफूरभाईंनी श्वास आत ओढला, कारण कापड बोटांना लागत होतं. शेवटचं बटण लावताना शिरीषरावांना आपल्या तोंडाकडे बघवलं नसतं, आणि समोर नेमका आरसा नव्हता ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

"गफूर, झाड का मरतंय ते मला माहितेय," ते म्हणाले. "वैजू येते."

त्यांनी सगळं सांगितलं.

"रोज येत्यात?"

"रोज. साडेचारला."

"आणि तू म्हणतोस, त्यांना येऊ दिलं तर झाड मरंल, आणि झाड जगवायचं तर दाराला कुलूप."

"हो."

"आणि माझं हात."

"हो," शिरीषराव म्हणाले, आणि खाली बघितलं.

गफूरभाईंनी हात काखेत दाबले. मग म्हणाले, "वहिनींनी पंधरा वर्षं माझ्या डब्यात भाकरी घातलीया. भीती वाटायचं कारणच न्हाई. आज मी बसतो हितं. आल्या तर सरळ इचारतो, वहिनी, काय करायचं तुम्हीच सांगा. त्या म्हणतील तसं."

हा तोडगा शिरीषरावांना पटला. वैजयंतीबाई हयात असतानाही घरातले निर्णय याच पद्धतीनं होत असत.

चार वाजले. दोघं कपाटासमोर खुर्च्या टाकून बसले. सव्वाचार. पंखा घुं करत होता. गफूरभाईंनी डोक्यावरची टोपी नीट केली. साडेचारला शिरीषराव उठले, चहा टाकला, चहा घेऊन आले, गफूरभाईंचा कप त्यांना दोन्ही हातांनी धरता येईल असा ठेवला, पुढच्या महिन्यात पाण्याची नवी टाकी होणार आहे आणि ती चुकीच्या जागी होणार आहे असं काहीतरी सांगत सांगत परत येऊन खुर्चीवर टेकले आणि आपल्या कपातला एक घोट घेतला.

नोंद पुरी झाली आणि कुडी टिंग वाजली. "परिचित स्पर्श," ती धरणाची पातळी सांगावी तशी म्हणाली, "वैजयंती शिरीष खटावकर."

शिरीषरावांचा कप बशीवर वाजला. "ऐकलंस? आली! गफूर, विचार ना. विचार!"

गफूरभाई कपाटाकडे बघत नव्हते. ते शिरीषरावांकडे बघत होते.

"शिरीष," ते अगदी हळू म्हणाले, "चहा किती कप केलावतास?"

"तीन."

"आपण किती जण हाय?"

शिरीषरावांनी तिवईकडे बघितलं. कंगव्याशेजारी एक रिकामा कप होता. तळाशी दुधाळ थेंब होता आणि तो अजून गरम होता.

"तू उठलास," गफूरभाई म्हणाले, "टाकीचं बोलत बोलत दार उघडलंस, कपभर चहा कुंडीत वतलास, पानाला हात लावलास, आणि दार लावून आलास. बोलणं एकदाबी तुटलं न्हाई तुझं."

"मी?"

"आणि पानाला हात लावताना दुसऱ्या हातानं आपलंच मनगट धरलंवतंस. असं." त्यांनी करून दाखवायला हात बाहेर काढले, पण ते थरथरत होते, म्हणून परत काखेत घातले.

वैजयंतीबाई उरलेला चहा कधी मोरीत ओतत नसत. चोथा गुलाबाला, गार झालेला चहा तुळशीच्या शेजारच्या मोगऱ्याला. "दूध-साखर मोरीत घालू नये," असं त्या म्हणत. शिरीषराव रोज दोन कप चहा करत होते. एक पीत होते. दुसरा कप गार व्हायला लागला की हात आपोआप उठत होते. दूध, साखर, चहा, एकतीस अधिक चार दिवस, कुंडीच्या तळाशी. मुळं कुजली होती. अहवाल पाणी जास्त झालंय म्हणत होता ते खरं होतं. मोजायला जो माणूस बसला होता तो स्वतःचा कप मोजत नव्हता.

शिरीषराव हसले. मग त्यांचं हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. गफूरभाईंनी हात बाहेर काढला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला. हात थरथरत होता, त्यामुळे थोपटायचं काम आपोआप झालं.

"म्हणजे ती आली नव्हतीच," शिरीषराव शेवटी म्हणाले.

"ते मला कुठं ठाऊक?" गफूरभाई म्हणाले. "मी नुसता चहा बघितला. नाव कुडीनं घेतलं."

बारा तारखेला मृणाल चौगुले आल्या तोपर्यंत दोघा म्हाताऱ्यांनी मिळून कुंडी रिकामी केली होती, कुजकी मुळं कापली होती, उरलेली धुऊन वाळू मिसळलेल्या नव्या मातीत झाड बसवलं होतं. चौगुलेबाईंनी पानं मोजली. एकूण चौऱ्याऐंशी. पिवळी सत्तावीस. आणि एक पान असं, की ते त्यांनी दिव्याखाली धरून उलटसुलट बघितलं.

"हे पिवळं धरू की हिरवं?"

"बाई," गफूरभाई म्हणाले, "चाळीस वर्षं सतारीला रंग लावलाय. ह्या रंगाला आमच्यात हिरवाच म्हणत्यात."

चौगुलेबाईंनी हिरवं लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'सेंद्रिय द्रव्याचा अतिरेक' असं लिहिलं. आणि सहीच्या आधी विचारलं, "काका, स्पर्शनोंदीत काकूंचं नाव कसं काय?"

"ते तुम्ही सांगायचं."

"तुमचा हात वेगळा नोंदलेला आहे, रोज सकाळचा. हा तो नाही. यंत्र चुकत असेल. वर कळवते." त्यांनी आरशावरच्या टिकल्यांकडे एकदा बघितलं आणि तसं लिहायला घेतलेलं वाक्य खोडलं.

त्यानंतर शिरीषरावांनी कपाटाला कडी घातली आणि कडीला लाल दोरा बांधला, हाताला आठवण राहावी म्हणून. चहा दोनच कप होत राहिला. दुसरा कप ते गॅलरीतल्या मोगऱ्याला घालत. चार चौतीसला कुडी काही बोलत नसे. अहवालाच्या शेवटच्या पानावर रोज एकच ओळ असे. दुपारचा स्पर्श: नाही. ती ओळ ते मोठ्यानं वाचत. पहिल्या वेळी वैजयंतीबाई गेल्या तेव्हा घरात माणसं होती, फुलं होती, डबे येत होते. या वेळी कोणी भेटायला आलं नाही.

शेवटच्या दोन आठवड्यांत पानं पुन्हा पिवळी पडू लागली. आता सरसकट, खालपासून वरपर्यंत, शांतपणे. शिरीषरावांनी घाबरून कुडीला विचारलं.

"झाड पानांतलं सगळं काढून फुलोऱ्याला देत आहे," ती म्हणाली. "उपाय: काही करू नये."

त्यांनी काही केलं नाही. आयुष्यात इतकं कठीण काम त्यांच्याकडे दुसऱ्यांदा आलं होतं.

फुलोरा उतरला, सुकला, जमा झाला. थेंब सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात गफूरभाई स्वतः बटणं लावून जिना चढून आले आणि बटणं वरखाली लागली होती तरी त्यांनी ती कोणाला लावू दिली नाहीत. थरथर गेली नव्हती. जळणं गेलं होतं.

"नवं कलम माझ्या नावानं लाव," ते म्हणाले. "आणि कुडीत माझा हातबी घाल. माझ्या झाडानं मला वळखू नये म्हणजे काय?"

संध्याकाळी आठ वाजून गेले होते, झाडाचा दिवस सुरू झाला होता. कपाटात जुन्याच झाडाचं वीतभर कलम उभं होतं, चार पानांचं. कुडीनं सांगितलं, बोट पानाखाली ठेवा आणि साठ आकडे होईपर्यंत स्थिर राहा. गफूरभाईंनी बोट नेलं. पान थरथरायला लागलं. कुडी म्हणाली, पुन्हा. त्यांनी पुन्हा नेलं. पुन्हा, ती म्हणाली.

"हिच्या मायला," गफूरभाई म्हणाले.

शिरीषरावांनी त्यांचं मनगट धरलं. अगदी हलक्या हातानं, अंगठा नाडीवर, चार बोटं खाली. असं मनगट कसं धरायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. शेवटची दोन वर्षं वैजयंतीबाईंचे हात औषधांनी असेच थरथरत होते आणि रोज दुपारी चहा झाल्यावर त्या झाडाला हात लावायला मागत. नोंद झाली त्या दिवशीही त्यांचं मनगट असंच धरलेलं...

शिरीषरावांचा हात जागच्या जागी थांबला.

पान स्थिर झालं. खोडातून लाट आली नाही. चार पानांचं झाड मान वर करून न बघता गप्प राहिलं.

टिंग.

"हा स्पर्श आधीच नोंदलेला आहे," कुडी म्हणाली. "वैजयंती शिरीष खटावकर. नाव बदलायचं असल्यास एका मिनिटात बटण दाबा. उत्तर न आल्यास जुनं नाव कायम राहील."

कपाटात पंखा घुं करत होता. आरशात दोन म्हातारे दिसत होते, आणि त्यांच्या कडेनं सात टिकल्या.

"म्हणजे," गफूरभाई कुजबुजले, "तू आणि मी मिळून वहिनी?"

"हलू नकोस," शिरीषराव म्हणाले.

"बटण कोण दाबणार मर्दा? माझा एक हात पानाखाली, दुसऱ्यानं मी फळी धरलीया."

शिरीषरावांचा एक हात गफूरभाईंच्या मनगटावर होता. दुसरा रिकामा होता. त्यांनी तो खिशात घातला आणि मोठ्यानं आकडे मोजू लागले.